कुमसार झालं, पण बहीण बोलत नाही

तुमच्या पत्रातलं म्हणणं आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हाला ताडून पाहता येईल. अकरा वर्षांपूर्वी, वडिलांच्या वर्षाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बहीण आणि मेहुणे पुण्याहून आले होते. घरपट्टी नावावर करायची आहे असं सांगून तुम्ही दोघांच्या सह्या घेतल्या. तो कागद हक्क सोडल्याचा होता. पुढे भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, रस्त्यालगतचा तुकडा बिल्डरला विकला. बहिणीला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं आणि तेव्हापासून ती तुमच्याशी बोललेली नाही. या उपवासकाळात तुम्ही कुमसाराला, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली द्यायला, गेलात, फादरनी पापक्षमा दिली, पण झोप लागत नाही ती नाहीच. तुम्ही विचारता, देवाने मला खरंच क्षमा केली का? केली असेल तर बहीण का करत नाही, ती तर एक मिस्सा चुकवत नाही? आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला येईल, तेव्हा तिथेच तिचे पाय धरू का?

मी धर्मगुरू नाही. माझं माहेर सावंतवाडीचं, शाळा मराठी, लग्न होऊन गोव्याला, बार्देशात आले. सव्वीस वर्षं चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं आणि गेली अठरा वर्षं मोडत चाललेल्या घरांशी बोलत बसायचं काम करते. कुमसारात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, ते त्यांच्याबरोबर कबरीत जातं. मी बघते ते त्याच्या पुढचं, माणूस कुमसार करून घरी येतो आणि जेवणाच्या टेबलाशी बसतो ते. माझं उत्तर त्या टेबलावरून आलेलं आहे. इतरांच्या गोष्टी सांगताना तपशील बदलले आहेत.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात जमीन आहे, बिल्डर आहे, बहिणीचं न बोलणं आहे, तुमची झोप आहे. तिचा वाटा तिला परत कसा द्यायचा, याबद्दल मात्र एक ओळसुद्धा नाही. म्हणून मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न असा आहे: जे घेतलं ते माझ्याकडेच राहून मन शांत होईल का? हे तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षांनी अनोळखी बाईला एवढं लिहायला धैर्य लागतं, आणि त्या धैर्याला मी अर्धं उत्तर दिलं तर तो तुमच्यावर अन्याय होईल.

आणखी एक दिसलं, ते भाषेत. तुम्ही लिहिता, ‘सही झाली’, ‘तुकडा विकला गेला’, ‘गैरसमज झाला’. आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे. ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटलं की चूक पावसासारखी येऊन पडते, कुणी पाडली ते सांगावं लागत नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचं मन कुठवर आलंय हे मी बहुतेक वेळा त्याच्या क्रियापदावरून ओळखते. ‘झालं’चं ‘केलं’ होतं त्या दिवशी काहीतरी हललेलं असतं. मिस्साच्या सुरुवातीला आपण सगळे जी कबुली म्हणतो ती आठवा. आपला हात आपल्याच छातीवर मारून माझा अपराध, माझा अपराध, माझा मोठा अपराध असं तीनदा म्हणायचं. तिथे ‘झाला’ला जागाच ठेवलेली नाही.

कुमसारात तुम्ही नेमकं काय सांगितलंत हे मला माहीत नाही आणि तुम्ही मला सांगूही नका. पण बरंच त्याच्यावर अवलंबून आहे. ‘बहिणीशी जमिनीवरून वाद आहे’ एवढंच सांगितलं असेल तर फादरना वाद ऐकू आला, फसवणूक ऐकू आली नाही. मग पुन्हा जा आणि साध्या शब्दांत सांगा: मी खोटं बोलून बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या सह्या घेतल्या आणि तिच्या वाट्याची जमीन विकली. हेच सांगितलं असेल, दुःख मनापासूनचं असेल आणि शक्य तेवढं भरून देण्याचा निश्चय असेल, तर देवाच्या क्षमेवर संशय घेऊ नका. तेच पाप पुन्हा पुन्हा कुमसारात नेण्यात अर्थ नाही. १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने कुमसाराच्या या संस्कारात आपल्या बाजूच्या तीन गोष्टी सांगितल्या: मनाचा पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि भरपाई. तिसरी गोष्ट आपण ‘तीन नमो मारिया म्हण’ एवढ्यावर आणून ठेवली आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर सरळ म्हटलंय की पापक्षमेने पाप जातं, पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप दुरुस्त होत नाही, आणि चोरलेलं परत करणं हा त्या दुरुस्तीचा भाग आहे. तुम्हाला झोप लागत नाही ती देवाने माफ केलं नाही म्हणून असेल असं मला वाटत नाही. बहिणीची वस्तू अजून घरात आहे, आणि ते तुम्हाला आतून माहीत आहे.

आता पश्चात्ताप या शब्दाबद्दल थोडं. त्यात ताप आहे, मागाहून होणारा दाह. तो खराच असतो. पण बायबलमधला मूळ हिब्रू शब्द ‘शूब’, त्याचा अर्थ माघारी फिरणे, ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने परत येणे. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, मन पालटणे. आपल्या शब्दात दाह आला, फिरणं राहिलं, आणि म्हणून आपल्याला वाटतं की जळलो म्हणजे पश्चात्ताप झाला. मी भेटलेल्या कित्येक माणसांनी वर्षानुवर्षं मनापासून जळून घेतलं आणि पाऊल एक इंचही वळवलं नाही. जळण्यात एक विचित्र समाधान असतं, आपण किंमत मोजतोय असं वाटतं. बहिणीच्या हातात मात्र त्यातलं काही पडत नाही.

येशूला धरून दिल्यावर त्याच्या दोन शिष्यांचं काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योताला वाईट वाटलं. त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी त्याने परतसुद्धा नेली आणि मग जाऊन गळफास घेतला. ही गोष्ट लिहिणाऱ्या मत्तयाने तिथे नेहमीचा मन पालटण्याचा शब्द वापरलेला नाही, हळहळण्याचा वेगळा ग्रीक शब्द वापरला आहे. पेत्रानेही येशूला तीनदा नाकारलं होतं. तो धाय मोकलून रडला, पण इतरांत राहिला आणि मासे धरायला गेला. योहान सांगतो, मेलेल्यांतून उठल्यावर येशूने किनाऱ्यावर निखारे पेटवून त्यावर मासळी ठेवली होती. निखाऱ्यांसाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि ज्या अंगणात शेकत उभा राहून पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं, तिथे. येशू त्याला त्याच आगीजवळ परत आणतो आणि जितक्या वेळा नाकारलं तितक्याच वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. पेत्राला त्याचं वाईट वाटतं, तरी येशू तिसरा प्रश्न गाळत नाही. मग त्याला कामाला लावतो: माझी मेंढरं पाळ. तुम्ही लिहिलंय, ‘मी माणूस म्हणायच्या लायकीचा नाही’. ते वाक्य यहूदाच्या वाटेवरचं आहे. त्या वाटेने पुढे जाऊ नका. आणि हा विचार रात्री फारच घेरत असेल तर बायकोला उठवा, फादरकडे जा, डॉक्टरला भेटा. त्यात काही कमीपणा नाही.

करायचं काय ते बायबलने मोघम ठेवलेलं नाही. गणनेच्या पुस्तकात नियम आहे: ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने कबूल करावं, पूर्ण भरपाई द्यावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा. निर्गममध्ये मेंढराचा नियम आहे. चोरलेलं मेंढरू जिवंत सापडलं तर दुप्पट, विकून किंवा कापून टाकलेलं असेल तर चौपट. विकलेलं परत आणता येत नाही, म्हणून ते महाग. जक्कय हा जकातदार येशूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याने उभं राहून हाच चौपटीचा आकडा सांगितला आणि शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची म्हणाला. लूकच्या त्या प्रसंगात येशू आधी त्याच्या घरी जातो आणि मग जक्कयाचा हात पिशवीकडे जातो. प्रेमाची किंमत म्हणून त्याने पैसे दिले नाहीत. कुणीतरी आपल्या घरी आलं, म्हणून त्याची मूठ सुटली. चौपट द्या असं मी तुम्हाला म्हणत नाही. पण आकडा ठरवल्याशिवाय तुमचं दुःख हवेतच राहील.

तुमच्या परिस्थितीचा प्रश्न इथे येतो. विकलेली जमीन परत येणार नाही. उरलेली किती आहे, विक्रीचे पैसे कशात गेले, घरावर कर्ज आहे का, हे मला माहीत नाही. शिवाय आपल्या गोव्यात लग्नानंतर मालमत्ता बहुधा नवराबायकोची मिळून असते, म्हणून तर मेहुण्यांचीही सही लागली. तसं असेल तर तुमच्या बायकोच्या संमतीवाचून तुम्ही काहीच देऊ शकणार नाही, आणि तिच्या पाठीमागे गुपचूप काही करायला गेलात तर दुसरी फसवणूक कराल. तेव्हा पहिली कबुली घरात द्यावी लागेल. तिला सगळं माहीत होतं की नव्हतं, हा तुमच्या दोघांमधला विषय. त्यानंतर वकिलाकडे जा. इथल्या वारसा कायद्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, म्हणजे तिचं किती होतं हे काढणं अवघड नाही. एकरकमी झेपत नसेल तर हप्त्याने द्या, उरलेल्या भाटातला मोठा भाग तिच्या नावे करा. काय शक्य आहे ते वकील सांगेल. मी एवढंच म्हणेन की कागदावर अट घालू नका. ‘हे घे आणि आता बोल’ म्हणून दिलेली जमीन हा दुसरा सौदा होतो.

मला हे माझ्याच घरात शिकावं लागलं. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा माझी सोन्याची एक बांगडी हरवली आणि मी सासूबाई, दोन नणंदा आणि फेस्ताला, चर्चच्या सणाला, आलेल्या पाहुण्यांसमोर जावेचं नाव घेतलं. तीन आठवड्यांनी बांगडी ट्रंकेत जुन्या साडीच्या घडीत सापडली. मी जावेला बाजूला नेऊन रडत माफी मागितली. ती म्हणाली, ‘सगळ्यां मुखार चोर म्हळें, आनी माफी मात कुशीक व्हरून मागता?’ म्हणजे सगळ्यांसमोर चोर म्हटलंस आणि माफी मात्र बाजूला नेऊन मागतेस? मला तेव्हा तिचा राग आला होता. एवढी मी रडले आणि हिचं समाधान नाही! पुढे आठ महिने मी तिचं मन मोठं व्हावं म्हणून प्रार्थना करत होते. चोर ठरवताना मी तिचं नाव चारचौघांत घेतलं होतं आणि ते अजून चारचौघांतच पडून होतं, माझ्या रडण्याने ते परत आलेलं नव्हतं, हे समजायला तेवढे महिने लागले. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाजवळ, म्हणजे क्रूसाजवळ, लदाइन ही सामूहिक प्रार्थना झाली, चणे वाटून झाले, आणि लोक जायच्या आधी मी उभी राहून सांगितलं की बांगडी माझ्याच ट्रंकेत होती आणि मी हिच्यावर खोटा आळ घेतला. जाऊ काही बोलली नाही. ती माझ्याशी नीट बोलू लागली ते पुढच्या वर्षी नाताळात, नेवऱ्या करताना, आणि तेही नारळ जास्त झालाय एवढंच म्हणाली.

म्हणून बहिणीबद्दल सांगते. क्षमा करा ही येशूची आज्ञा आहे, त्यात सूट नाही. पेत्राने सात वेळा का असं विचारलं तेव्हा सत्तर वेळा सात हे उत्तर मिळालं, आणि लगेच त्या चाकराची गोष्ट, ज्याला दहा हजार तलांतांचं कर्ज माफ झालं आणि ज्याने शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे दिवसाची मजुरी, आणि एका तलांतात सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झालेला माणूस शंभर दिवसांच्या मजुरीसाठी भांडला. ही गोष्ट तुमच्या बहिणीला लागू आहे का? आहे. पण ती तिने वाचायची आहे, देवासमोर, तिच्या वेळेला. ज्याने घाव केला त्याने ती जखमी माणसाला वाचून दाखवली की तिचं हत्यार होतं. तुमच्यासाठी वेगळं वाक्य आहे, मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. तिथे बोट तुमच्याकडे आहे.

तिला वेळ लागणं म्हणजे मनाचा कठीणपणाच असं धरू नका. जुन्या करारातल्या योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं. दुष्काळात ते मिसरात धान्य मागायला आले तेव्हा त्याने त्यांना ओळखलं, पण मी योसेफ असं लगेच सांगितलं नाही. आडोशाला जाऊन रडला आणि तोंड धुऊन परत आला. पुढे त्याच्या धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या, पोत्यात योसेफाचा प्याला सापडला आणि भावांपैकी यहूदा, ज्याने योसेफाला विकायची कल्पना काढली होती तोच यहूदा, पुढे होऊन म्हणाला की पोराच्या जागी मला गुलाम ठेव. तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला. त्याला बदललेला भाऊ बघायचा होता. तुमच्या बहिणीने अजून तो बघितलेला नाही. तिने जो शेवटचा भाऊ पाहिला तो कागदावर बोट ठेवून ‘इथे सही कर’ म्हणत होता.

शिवाय क्षमा करणं आणि पूर्वीसारखं जवळ येणं या दोन गोष्टी आहेत. दारू पिऊन हात उचलणाऱ्या नवऱ्याला क्षमा करून वेगळं राहणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्यांना नातेवाईक सांगतात की परत गेली नाहीस म्हणजे क्षमा केली नाहीस. हे खोटं आहे, आणि धर्माच्या नावाने सांगितलं जातं म्हणून जास्त वाईट आहे. तुमची बहीण मनातून मोकळी होऊनही तुमच्या घरी पाऊल न ठेवता राहू शकते. तेही सोसावं लागेल.

मामांना मध्ये घालू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. फादरनासुद्धा तिच्याकडे पाठवू नका, तिनेच बोलावलं तर गोष्ट वेगळी. दबावाने काढलेल्या कबुलीचं आणि दबावाने काढलेल्या क्षमेचं काय होतं हे आपल्या गोव्याने बघितलं आहे. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं, आणि माणसांना भीतीने पश्चात्ताप करायला लावलं जात होतं. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या जुलमांसह अनेक पापांसाठी देवाकडे उघडपणे क्षमा मागितली. त्या दिवशी मी ते टीव्हीवर पाहत होते आणि वाटलं, एवढ्या मोठ्या संस्थेलासुद्धा गुडघे टेकावे लागतात.

तर आधी बायकोशी बोला, मग वकिलाकडे जा, आणि कागद तयार झाले की बहिणीला आणि मेहुण्यांना पत्र लिहा. हाताने, एका पानात. मी काय केलं, त्यात तुमचं काय गेलं, मी काय परत करतोय. ‘पण’ नको, ‘त्या वेळी परिस्थिती अशी होती’ नको, बाबांचं नाव नको. त्या पत्रात क्षमाही मागू नका. मागितली की उत्तर देण्याचं ओझं तिच्यावर पडतं, आणि हे पत्र तिचं ओझं उतरवायला आहे. उत्तर आलं नाही तरी हप्ते थांबवू नका.

आणि २ नोव्हेंबर. कबरीजवळ तिचे पाय धरू नका. सगळा गाव तिथे असतो, फादर कबरींना आशीर्वाद देत फिरत असतात, आणि एवढ्या लोकांत पाया पडलेल्या भावाला उठवलं नाही तर वाईट ती ठरेल. आईवडिलांच्या कबरीवर रडायला येण्याची तिची ती एकच जागा उरली आहे, तीही तुम्ही घेऊ नका. तुम्ही त्या दिवशी पहाटेच जा, गवत काढा, कबर धुऊन ठेवा, तुमची मेणबत्ती लावा आणि ती यायच्या आत घरी या.